चुन्याच्या कळीत आग कुठून येते?



दिवाळी जवळ आली की घरोघर भिंतींना चुना देण्याची गडबड सुरू होते. हल्ली घरात आतून तयार रंग देतात, तरी गोठा, परसातली भिंत, गुरांचा हौद आणि झाडांचे बुंधे यांना अजून चुनाच लागतो. बाजारातून चुन्याचे पांढरे खडे आणतात, जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकतात आणि वर पाणी ओततात. थोडा वेळ काहीच होत नाही. मग खडे तडतडू लागतात, फुगतात, फुटतात. डब्यातून वाफ निघते आणि पाणी रटरट उकळते. खाली चूल नाही, जाळ नाही, साधी काडीसुद्धा ओढलेली नाही. तरी डबा इतका तापतो की हात लावला तर चटकाच बसेल!

हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पण विस्तवाशिवाय पाणी उकळले कसे? मी हा प्रश्न घरी विचारला तेव्हा आजी म्हणाली, "कळीच ती, तिच्या अंगातच आग असते." शाळेत गुरुजींना विचारले. त्यांनी वरच्या वर्गाच्या पुस्तकातले आकडे काढून दिले आणि फळ्यावर हिशेब मांडून दाखवला. तोच हिशेब मी इथे सोपा करून लिहीत आहे. तो समजला म्हणजे रसायनशास्त्रातला एक मोठा नियम समजतो, आणि आपल्या घरातला एक धोकाही समजतो. म्हणून पालकांनी लेखाचा शेवटचा भाग जरूर वाचावा, ही विनंती.

चुनखडी, कळी आणि चुना

आपण सगळ्यालाच चुना म्हणतो, पण हे पदार्थ वेगवेगळे आहेत.

पहिला पदार्थ चुनखडी. काळ्या रानात नांगरताना जे पांढुरके, ओबडधोबड खडे वर येतात, त्यांत चुनखडी असते. समुद्रकाठी शिंपल्यांपासूनही चुना करतात, कारण चुनखडीत आणि शिंपल्यात मुख्य पदार्थ एकच असतो. त्याचे शास्त्रीय नाव कॅल्शियम कार्बोनेट.

दुसरा पदार्थ कळीचा चुना. चुनखडी भट्टीत भाजली की कळी तयार होते. आपल्याकडे लोणारी समाजाचे लोक हे काम पिढ्यान् पिढ्या करीत आले. भट्टीत चुनखडी आणि इंधन थराथराने रचतात आणि जाळ देतात. सुमारे ९०० अंश सेल्सिअस इतकी उष्णता झाली की चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. मागे राहते ते कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजेच कळी. खडा दिसायला जवळजवळ तेवढाच असतो, पण उचलून बघा, चांगलाच हलका लागतो. शुद्ध चुनखडी १०० ग्रॅम भाजली तर ५६ ग्रॅम कळी उरते आणि ४४ ग्रॅम वायू उडून जातो.

तिसरा पदार्थ विरलेला चुना. कळीला पाणी पाजले की ती विरते. ५६ ग्रॅम कळी १८ ग्रॅम पाणी पिते आणि ७४ ग्रॅम विरलेला चुना तयार होतो. नेमके एवढेच पाणी तिला मिळाले तर चुना ओला दिसतच नाही, कोरड्या पिठासारखी भुकटी होते. पाणी नाहीसे झाले असे वाटते, पण ते चुन्यातच जोडले गेलेले असते. त्याचे शास्त्रीय नाव कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानाला लावतात तो हाच, फक्त त्यात जास्तीचे पाणी असते.

आता पुढे काय होते ते पाहा. हा चुना भिंतीला दिला की तो नुसता वाळत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड तो हळूहळू ओढून घेतो आणि पाणी सोडून देतो. मग तो पुन्हा चुनखडी होतो! म्हणजे भिंतीला आपण दगडाचाच एक पातळ थर देतो. म्हणून चांगला बसलेला चुना पावसाने चटकन धुऊन जात नाही.

हीच क्रिया आपण वर्गात पाहिली आहे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की निवळी दुधासारखी पांढरी होते. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि विरलेला चुना मिळून चुनखडीचे बारीक कण तयार होतात. तोच तो पांढरेपणा.

माझे आजोबा गवंडीकाम करायचे. चुना आणि वाळू घाणीत मळून बांधकाम केलेले त्यांनी पाहिले आहे. बैल घाणीभोवती फिरत आणि दगडी चाकाखाली चुना मळला जाई. काही जुन्या किल्ल्यांवर अशा घाणी अजून बघायला मिळतात. त्या चुन्याने पुढे वर्षानुवर्षे हवेतला वायू घेतला आणि दगडाला दगड धरून ठेवला.

तर असे हे चक्र आहे. चुनखडीची कळी, कळीचा चुना आणि चुन्याची परत चुनखडी.

आग खड्यात शिरते का?

आजी म्हणते तसेच पूर्वी मोठमोठ्या विद्वानांनाही वाटत असे. भट्टीतल्या आगीचा काही अंश खड्यात शिरून बसतो, म्हणून कळी भाजते, असे ते समजत. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने तराजू घेतला आणि भाजण्याआधीचे व नंतरचे वजन करून पाहिले. १७५६ साली त्याने आपले प्रयोग छापून प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे असे, की भट्टीत खड्यामध्ये काही शिरत नाही, उलट खड्यातून एक वायू निघून जातो. म्हणून तर वजन घटते.

मग आजीचे चुकले का? पूर्ण नाही. आग नावाची वस्तू कळीत नसते हे खरे. पण भट्टीत खर्च झालेल्या उष्णतेचा हिशेब मात्र कळीकडे शिल्लक असतो. तो कसा, ते आता पाहू.

उष्णतेचा जमाखर्च

दूध लिटरने मोजतात, धान्य किलोने मोजतात, तशी उष्णता किलोज्यूलने मोजतात. १ लिटर पाणी १ अंशाने गरम करायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. एवढे माप लक्षात ठेवा.

आता १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीचा जमाखर्च असा :

भट्टीत चुनखडीची कळी होताना घेतलेली उष्णता : १७८ किलोज्यूल
कळीला पाणी पाजताना बाहेर आलेली उष्णता : ६५ किलोज्यूल
चुना भिंतीवर परत चुनखडी होताना बाहेर आलेली उष्णता : ११३ किलोज्यूल

६५ आणि ११३ यांची बेरीज करा. १७८! जेवढे घेतले तेवढे परत. ना कमी, ना जास्त. आपण एकमेकांना चुना लावू शकतो, पण उष्णतेच्या हिशेबात निसर्गाला कोणी चुना लावू शकत नाही.

इथे एक खुलासा करतो. हे १७८ किलोज्यूल म्हणजे फक्त चुनखडी फोडून कळी करण्याचा खर्च आहे. खऱ्या भट्टीत इंधन यापेक्षा पुष्कळ जास्त जाते, कारण बरीच उष्णता धुरातून आणि भट्टीच्या भिंतींतून वाया जाते. तो वाया गेलेला भाग कळी परत देत नाही. जो भाग पदार्थ बदलण्यासाठी खर्ची पडला, तेवढाच परत मिळतो.

आता एक शंका येईल. भिंतीवर चुना वाळताना ११३ किलोज्यूल बाहेर येतात, म्हणजे पाणी पाजतानापेक्षा जवळजवळ दुप्पट. मग भिंत तापत कशी नाही? याचे उत्तर वेगात आहे. कळी पाणी पिते ती काही मिनिटांत, म्हणून सगळी उष्णता एकदम बाहेर पडते. भिंत हवेतला वायू घेते ती दिवसेंदिवस, आणि थर असतो पातळ. उष्णता जशी निघते तशी हवेत निघून जाते, हाताला काहीच कळत नाही. उष्णता किती निघाली हा एक प्रश्न आणि किती लवकर निघाली हा दुसरा. दोन्ही वेगळे आहेत.

विहिरीचा दाखला

गुरुजींनी हा नियम समजावताना विहिरीचे उदाहरण दिले. समजा, पायऱ्यांच्या विहिरीतून पाण्याची घागर वर आणायची आहे. वर चढताना श्रम होतात. ती घागर वरून एकदम खाली सोडली काय, किंवा आधी मधल्या पायरीवर उतरवून मग तळाशी सोडली काय, एकूण उतार तेवढाच. मधे किती पायऱ्यांवर थांबलो याने विहिरीची खोली बदलत नाही.

चुनखडी म्हणजे विहिरीचा तळ. भट्टीने घागर काठावर आणली, १७८ किलोज्यूल खर्च झाले. पाणी पाजले तेव्हा घागर मधल्या पायरीवर आली, ६५ परत मिळाले. भिंतीवर ती तळाशी गेली, उरलेले ११३ मिळाले.

रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे काम करणाऱ्या जर्मेन हेस या शास्त्रज्ञाने हा नियम १८४० साली मांडला. रासायनिक क्रिया एका टप्प्यात होवो की अनेक टप्प्यांत, सुरुवातीचे पदार्थ आणि शेवटचे पदार्थ तेच असतील, तर उष्णतेचा एकूण हिशेब तोच राहतो. याला हेसचा नियम म्हणतात. पुढे हायस्कुलात आणि कॉलेजात मोठी मोठी गणिते याच नियमावर सोडवायची असतात. आपण ती चुन्याच्या डब्यावर आत्ताच सोडवली!

आत नेमके काय घडते?

सर्व पदार्थ अणूंचे बनलेले असतात आणि अणू एकमेकांना धरून असतात. या धरण्याला बंध म्हणतात. दोन लोहचुंबक घ्या. ते एकमेकांना चिकटले असतील तर ओढून वेगळे करायला जोर लावावा लागतो. पण जवळ नेले की ते आपोआप टक् करून चिकटतात. बंधाचेही तसेच आहे. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते आणि बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते.

पुष्कळ मुले म्हणतात, "बंध तुटला की उष्णता निघते." हे बरोबर उलटे आहे. बंध तुटताना उष्णता कधीच मिळत नाही, ती नवे बंध जुळताना मिळते. प्रत्येक रासायनिक क्रियेत काही जुने बंध तुटतात आणि काही नवे जुळतात. तोडायला लागलेला खर्च कमी आणि जुळण्याची मिळकत जास्त असेल, तर उष्णता बाहेर येते. अशा क्रियेला उष्मादायी क्रिया म्हणतात. खर्च जास्त आणि मिळकत कमी असेल, तर क्रिया आजूबाजूची उष्णता ओढून घेते. तिला उष्माग्राही क्रिया म्हणतात.

भट्टीतली क्रिया उष्माग्राही आहे. म्हणून जाळ थांबवला की कळी होण्याचेही थांबते. कळी पाण्यात विरण्याची क्रिया उष्मादायी आहे. तिला जाळ लागत नाही, तीच उष्णता देते.

मग लाकूड जळणे ही उष्मादायी क्रिया असून त्याला काडी का लावावी लागते? लाकूड हवेत नुसते ठेवले तर पेट घेत नाही, कारण सुरुवातीला जुने बंध सैल करायला थोडी ऊर्जा कोणीतरी द्यावी लागते. विहिरीला कठडा असतो ना, तसेच हे. घागर आत सोडायची असली तरी आधी ती कठड्यावरून उचलावी लागते. काडी तेवढे काम करते. एकदा पेटले की निघालेली उष्णताच पुढचे लाकूड पेटवते. कळी आणि पाणी यांच्यामधला कठडा मात्र ठेंगणा आहे, म्हणून काडी लागत नाही.

आपल्या अवतीभवतीची उदाहरणे

उष्णता देणाऱ्या क्रिया पुष्कळ सापडतात. चुलीतला जाळ, स्टोव्हची ज्योत आणि फटाका यांना तर कोणीही ओळखेल. पण सिमेंट पाण्यात कालवल्यावर घट्ट होते, तेव्हाही उष्णता निघते. अमेरिकेत १९३० नंतरच्या वर्षांत हूव्हर धरण बांधले, तेव्हा काँक्रीटच्या पोटात लोखंडी नळ्या घालून त्यांतून थंड पाणी खेळवावे लागले. एवढे मोठे काँक्रीट आपल्याच उष्णतेने तापून नंतर तडकले असते.

आपले शरीरही उष्मादायी क्रियेवरच चालते. भाकरीतले अन्न आणि श्वासातला प्राणवायू यांच्यापासून शरीरात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते आणि ऊर्जा मिळते. म्हणून थंडीतही आपले अंग ऊबदार असते. ही ऊर्जा भाकरीत आली कुठून? ज्वारीच्या हिरव्या पानांनी ती उन्हातून घेतली. पानातली क्रिया उष्णतेऐवजी प्रकाशाची ऊर्जा घेते, एवढाच फरक. भट्टीतल्या लाकडाचेही तेच. झाडाने ऊन साठवले, लाकडाने ते भट्टीला दिले, भट्टीने कळीत घातले आणि शेवटी ते आपल्या डब्यात वाफ होऊन निघाले.

उष्णता ओढून घेणाऱ्या क्रिया शोधाव्या लागतात. दोन क्रिया घरी करून पाहता येतील. मोठ्या माणसांना विचारून करा.

प्रयोग पहिला : एका पेल्यात दोन लिंबांचा रस घ्या. थोडा वेळ ठेवून पेल्याला बाहेरून हात लावून पाहा. मग त्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाका. भसकन फेस येईल. फेस आला की आपल्याला वाटते, हे तापणार. पण पेल्याला हात लावा, तो आधीपेक्षा गार लागेल! इथे लिंबाचे आम्ल आणि सोडा यांची क्रिया उष्णता ओढून घेते. उकळणे आणि फसफसणे सारखे दिसले तरी सारखे नव्हे.

प्रयोग दुसरा : १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम युरिया टाकून ढवळा. पाणी सुमारे पाच अंशांनी गार होते. शेतात पिंपात युरिया कालवणाऱ्यांना हे माहीत आहे, पिंप बाहेरून गार लागते. खरे सांगायचे तर ही विरघळण्याची क्रिया आहे, नवा पदार्थ होत नाही. पण कण एकमेकांपासून सोडवायला ऊर्जा लागते, ही गोष्ट तिथेही तीच. युरिया खायच्या भांड्यात घेऊ नका आणि नंतर हात धुवा.

एक सूचना. ताप पाहायचा थर्मामीटर या प्रयोगाला चालत नाही, तो एवढे कमी तापमान मोजत नाही. शाळेच्या विज्ञानपेटीतला थर्मामीटर मागून घ्यावा.

पालकांनो, हे जरूर वाचा

आता धोक्याचा भाग. आपण पुन्हा हिशेब करू. १ किलो शुद्ध कळी पाणी पिते तेव्हा सुमारे ११६० किलोज्यूल उष्णता देते. २५ अंशांचे १ लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१५ किलोज्यूल लागतात. म्हणजे एक किलो कळी साडेतीन लिटर पाणी सहज उकळायला लावील. बाजारातली कळी इतकी शुद्ध नसते, पण धोका तोच.

तीच एक किलो कळी २० लिटर पाण्यात थोडी थोडी सोडली तर? ११६० किलोज्यूल २० लिटरमध्ये वाटले जातात आणि पाणी सुमारे १४ अंशांनीच तापते. उष्णता तेवढीच आहे, पण ती वाटून घ्यायला पाणी भरपूर आहे.

आजोबा नेहमी सांगतात, "अरे, कळीवर पाणी ओतू नये. पाण्यात कळी सोडावी." त्यांना किलोज्यूल माहीत नाही, पण त्यांचे सांगणे अगदी शास्त्राला धरून आहे. कळीवर थोडेसे पाणी ओतले तर ते पाणी लगेच उकळते आणि तापलेला चुना अंगावर, डोळ्यांत उडतो. प्रयोगशाळेत तीव्र आम्ल पाण्यात ओततात, आम्लात पाणी कधीच ओतत नाहीत, त्याचेही कारण हेच.

दुसरा धोका चुन्याच्या पुडीचा. आमच्या आळीतला एक चार वर्षांचा मुलगा तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी घेऊन खेळत होता. त्याने ती दाबली, ती फुटली आणि चुना थेट डोळ्यात गेला. घरच्यांनी डोळ्यात तूप घातले आणि गाडी मिळेपर्यंत वाट पाहिली. तो आता शाळेत येतो, पण त्या डोळ्याने त्याला धूसर दिसते. तो पहिल्या बाकावर बसतो तरी फळ्यावरचे वाचायला मान वाकडी करतो.

तुम्ही म्हणाल, पुडीतला चुना तर आधीच विरलेला, त्याची आग निघून गेलेली. मग डोळा का भाजला? आग गेली हे खरे, पण चुना ही आम्लारी आहे, लाल लिटमस निळा करणारी. डोळ्याचा नाजूक पडदा ती आतपर्यंत खात जाते. जितका वेळ ती डोळ्यात राहील तितकी आत जाते. म्हणून अशा वेळी एक एक मिनिट मोलाचा असतो.

काय करावे, ते मी तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून लिहिले आहे :

डोळा चोळू नये. लगेच, आहे त्या जागी, स्वच्छ पाण्याची धार धरावी. पापण्या बोटांनी उघड्या ठेवाव्यात आणि निदान वीस ते तीस मिनिटे धुवावे. दुसऱ्या डोळ्यात पाणी वाहून जाणार नाही अशी मान कलती करावी. पापणीखाली चुन्याचे कण अडकले असतील तर तेही पाण्यानेच निघू द्यावेत. मग लगेच दवाखाना गाठावा. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे.

तूप, तेल, दूध, मध काहीही घालू नये. त्यामुळे चुना धुऊन निघत नाही आणि वेळ जातो.

लिंबाचा रस तर मुळीच घालू नये. आम्लारीवर आम्ल घातले की दोन्हींचा जोर जातो, हे आपण पुस्तकात शिकतो, ते खरे आहे. पण ती क्रिया उष्मादायी आहे. डोळ्यात ती घडवली तर आधीच भाजलेल्या डोळ्यात आणखी उष्णता निघेल, वर आम्लाची इजा वेगळीच. पुष्कळ पाणी हेच खरे औषध. ते चुना वाहून नेते आणि उष्णताही वाहून नेते.

कोरडी कळी अंगावर सांडली तर आधी ती फडक्याने किंवा मऊ कुंच्याने झाडून टाकावी आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. ओल्या हाताने पुसू नये. थोडे पाणी कळीला जागे करते, भरपूर पाणी तिला थंड करते.

म्हणून माझी विनंती आहे. कळी विरवताना लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. डबा उघडा टाकून जाऊ नका, वरून पाणी शांत दिसले तरी आत ते तापलेले असते. विरवणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा लावावा आणि लांब दांड्याने ढवळावे. उरलेली कळी कोरड्या, झाकणाच्या डब्यात उंचावर ठेवावी. ओल्या गोणीत ती आपोआप तापते. आणि चुन्याची पुडी मुलांच्या हाताला लागेल अशी कोनाड्यात, खिशात किंवा अंथरुणाखाली ठेवू नये.

लक्षात ठेवा

१) बंध तोडायला ऊर्जा लागते, बंध जुळताना ऊर्जा मिळते.
२) उष्णता देणारी क्रिया उष्मादायी, उष्णता घेणारी क्रिया उष्माग्राही.
३) चुनखडीने भट्टीत घेतलेले १७८ किलोज्यूल, पाण्यात ६५ आणि भिंतीवर ११३ असे दोन हप्त्यांत परत मिळतात.
४) पाण्यात कळी सोडावी, कळीवर पाणी ओतू नये.
५) डोळ्यात चुना गेला तर आधी पाणी, मग दवाखाना.

विचार करा आणि उत्तर वर्गात सांगा : कळीचा एक खडा उघड्यावर महिनाभर तसाच राहिला, तर त्याची भुकटी होते आणि मग तो पाण्यात टाकला तरी तापत नाही. त्याचे ६५ किलोज्यूल कुठे गेले?

— इयत्ता सातवी